परसातला शिंजीर आणि टेलिफोटो लेन्स

मंडळी, पक्षी जवळ दिसावा म्हणून आपण टेलिफोटो लेन्स घेतो. पण तिचा खरा उपयोग आपण लांब राहावं हाच. एकाच कॅमेऱ्यावर ५० मिमीपेक्षा ४०० मिमीची लेन्स पक्षी आठपट मोठा दाखवते. म्हणजे जास्वंदीवरचा शिंजीर खिडकीआडूनही टिपता येतो. हाताची थरथरही तेवढीच वाढते, म्हणून बसलेल्या पक्ष्यालासुद्धा शटर १/५०० सेकंद ठेवू, कोपर चौकटीला टेकवू. घरट्यासमोरची पानं मात्र फोटोसाठी बाजूला करायची नाहीत, बरं का! त्या आडोशामुळेच पिल्लं कावळ्याच्या नजरेतून सुटतात. मादी चोचीत किडा धरून घरट्याबाहेरच घुटमळत असेल, तर आपण फार जवळ आलोय असं समजायचं. कॅमेरा खाली ठेवायचा आणि मागे सरायचं.