कांद्याचा कोंब आणि उपचारांचा खर्च

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर रांगेने उभे असतात, लिलावाचा गलका चालू असतो आणि आपल्या मालाला काय भाव निघतो याकडे शेतकऱ्याचा जीव लागलेला असतो. हे दृश्य तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. पण याच गावात २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक', म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, सुरू झाले, हे किती जणांना ठाऊक आहे? कोबाल्ट-६० या किरणोत्सारी समस्थानिकातून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडण्यासाठी ते उभारले गेले. आज आपण या कांद्याचे बोट धरून एका अवघड प्रश्नाकडे जाणार आहोत. महागड्या उपचारांचे पैसे भरायचे कोणी आणि कसे?

आधी कांदा. चाळीत साठवलेल्या कांद्याला काही महिन्यांनी कोंब फुटतो आणि माल वाया जातो. कोंब म्हणजे झपाट्याने विभागणाऱ्या पेशी. गॅमा किरणांचा मारा अशाच पेशींना जास्त सोसवत नाही. कांदा काढल्यावर थोड्याच दिवसांत, तो सुप्तावस्थेत असतानाच त्याला ६० ते ९० ग्रे एवढी मात्रा दिली, तर कोंबाची वाढ खुंटते. ग्रे हे शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक आहे. एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे झाला.

आता एक छोटेसे गणित करा. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात. कांद्यात बहुतांश पाणीच असते. मग ६० ग्रेने कांदा किती तापेल? ६० भागिले ४२००, म्हणजे अंशाचा जेमतेम सत्तरावा भाग! हाताला कळणारही नाही. तरीही कोंब मरतो, कारण ती ऊर्जा पेशीतील नेमक्या नाजूक रेणूंवर घाव घालते.

अनिर्बंध विभागणाऱ्या पेशी आणखी कोठे असतात? कर्करोगाच्या गाठीत. १९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० ने कर्करुग्णांवर उपचार सुरू झाले. घशाच्या कर्करोगाच्या रुग्णाला पुष्कळदा एकूण ६० ते ७० ग्रे मात्रा द्यावी लागते. पाहिलेत? कांद्याला आणि माणसाला जवळजवळ सारखीच! फरक एवढाच की कांद्याला ती एकदम देतात, तर माणसाला रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, अशी सहा-सात आठवडे. मधल्या वेळात निरोगी पेशी आपली डागडुजी करून घेतात. गाठीच्या पेशींना ते तितकेसे जमत नाही.

आणि खर्चाची खरी गोष्ट येथेच सुरू होते. काही वर्षांपूर्वी माझ्या अकरावीच्या वर्गातला एक हुशार मुलगा दीड-दोन महिने दिसेनासा झाला. परत आल्यावर कळले की वडिलांना घशाचा कर्करोग झाला होता आणि हा त्यांच्याबरोबर रोज नाशिकला जात होता. लासलगाव ते नाशिक सुमारे ६० किलोमीटर, जाऊन-येऊन १२०. तीस दिवसांचे झाले ३६०० किलोमीटर. भारताची काश्मीर ते कन्याकुमारी लांबी ३२१४ किलोमीटर आहे! दोघांचे भाडे, बाहेरचे खाणे, बुडालेली मजुरी. घरच्यांनी सुरुवातीलाच अर्धा एकर रान विकले होते. किरणोपचार सरकारी योजनेत बसतात, हे त्यांना नंतर समजले. वडील बरे झाले. रान मात्र परत आले नाही.

तेव्हा खर्च म्हणजे एक आकडा नव्हे, अनेक आकड्यांची बेरीज आहे, आणि प्रत्येक आकड्यावर उपाय निराळा. यंत्राचेच घ्या. श्रीमंत देशांत आता लिनिअर अॅक्सिलरेटर वापरतात. तो अधिक अचूक आहे, पण महाग आहे. त्याला अखंड वीज आणि कुशल देखभाल लागते. कोबाल्टला किरण सोडायला वीज लागत नाही. मात्र त्याचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. म्हणजे आज जी मात्रा दोन मिनिटांत मिळते, तिला सव्वापाच वर्षांनी चार मिनिटे लागतील आणि दिवसभरात रुग्ण कमी होतील. मग नवा स्रोत घ्यावा लागतो व जुना सुरक्षितपणे परत करावा लागतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने कोबाल्टचे देशी यंत्र बनवले, 'भाभाट्रॉन'. २००५ साली ते नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन रुग्णालयात बसले. परदेशी यंत्राहून ते पुष्कळ स्वस्त पडले. पुढे व्हिएतनाम, मंगोलिया, मादागास्कर अशा देशांनाही भारताने ही यंत्रे भेट दिली. कोबाल्ट जुनाट झाला असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत, आणि काही गाठींच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबरही आहे. पण ज्या गावाच्या आसपास कोणतेच यंत्र नाही, तेथे ही तुलना कशाशी करायची?

दिवसांचा आकडाही कमी करता येतो, आणि मला तर हा उपाय सर्वांत सुंदर वाटतो, कारण त्याला नवे यंत्र लागतच नाही. स्तनांच्या कर्करोगात पूर्वी ५० ग्रे पंचवीस दिवसांत देत. ब्रिटनमधील चाचण्यांनी दाखवले की ४० ग्रे पंधरा दिवसांत दिले तरी गुण तेवढाच येतो. २०२० साली तर काही रुग्णांसाठी २६ ग्रे पाच दिवसांत पुरतात असे प्रसिद्ध झाले. पंचवीस फेऱ्यांच्या पाच! हे घशाच्या कर्करोगाला जसेच्या तसे लागू होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

किरणांबरोबर बहुधा औषधेही लागतात. लिलावात व्यापारी अनेक असले की भाव चढतो. सगळे व्यापारी एक झाले तर भाव पडतो, आणि शेतकऱ्याला त्याचीच धास्ती असते. तीच युक्ती रुग्णालयांनी औषध कंपन्यांपुढे वापरली. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील अनेक रुग्णालयांनी ४० औषधांची मागणी एकत्र करून एकच सौदा केला, आणि किमती खूप खाली आल्या.

एवढे करूनही जो आकडा उरतो तो कोणी भरायचा? समजा, १०,००० कुटुंबे आहेत आणि वर्षाला त्यांतल्या १० घरांत दोन-दोन लाखांचा उपचार लागतो. एकूण २० लाख. सर्वांत वाटले तर घरटी २०० रुपये! कोणत्या दहा घरांवर पाळी येईल ते आधी सांगता येत नाही. कोबाल्टचा कोणता अणू आज फुटेल हे सांगता येत नाही तसेच. पण एकूण किती, याचा अंदाज बांधता येतो. अडचण अशी की धडधाकट माणूस २०० रुपये द्यायला कां-कूं करतो आणि अगदी गरिबाला तेवढेही जमत नाहीत. म्हणून ही वाटणी सरकार करांच्या पैशांतून करते. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा पाच लाख करण्याचा व सर्व कुटुंबांना सामावून घेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. कर्करोगाचे किरणोपचार तिच्यात आहेत. रोजची एस.टी., डबा आणि बुडालेली मजुरी हे आकडे मात्र घरच्यांच्याच वहीत राहतात.

तुम्हीही एक वही घ्या. तुमच्या गावापासून किरणोपचाराचे सर्वांत जवळचे यंत्र किती किलोमीटरवर आहे, ते तालुक्याच्या रुग्णालयात विचारा. त्या अंतराला दोनाने गुणा. मग तिसाने, आणि दोन माणसांच्या भाड्याने. तोच हिशेब पुन्हा पंधरा दिवसांचा करा, आणि तेथेच, तालुक्याच्या गावी, यंत्र असते तर किती झाला असता तेही काढा. उत्तरे आम्हाला जरूर कळवा.