क्वार्टरचा नकाशा

मलाजखंडला वाढलेल्या माणसाला घराचा पत्ता विचारलात, तर तो गल्ली किंवा चौक सांगत नाही. आधी क्वार्टरचा टाईप सांगतो, मग नंबर. हिंदुस्तान कॉपरचा तांब्याचा प्रकल्प इथे १९८२ साली सुरू झाला आणि खाणीसोबत जंगलाच्या कडेला अख्खी वसाहत उभी राहिली. बालाघाट जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता आणि गोंदिया तर शेजारचाच जिल्हा, त्यामुळे वसाहतीत मराठी घरं पहिल्यापासून. त्यातलंच एक आमचं. बाबा यंदा निवृत्त होतायत. नियमाप्रमाणे क्वार्टरची किल्ली परत द्यायची आहे. त्याआधी मी पुण्याहून पंधरा दिवस इथे येऊन बसलोय. दिवसा ऑफिसचं काम, संध्याकाळी हातात मोजपट्टी.

हे खूळ डोक्यात शिरलं लंडनमध्ये. कंपनीच्या कामासाठी तिकडे गेलो असताना केनिंग्टन पार्कमध्ये विटांची एक छोटी दुमजली इमारत पाहिली. कॉटेज म्हटलं की आपल्याला थंड हवेच्या ठिकाणचं हॉटेल आठवतं. तिकडे हा शब्द मुळात गरिबाच्या लहान घराचा. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी मजुरांचं आदर्श घर बांधून घेतलं, ते हे. वास्तुरचनाकार हेन्री रॉबर्ट्स. प्रदर्शन संपल्यावर ते उतरवून या बागेत पुन्हा बांधलं.

घर चार कुटुंबांचं, दोन खाली, दोन वर. जिना मधोमध आणि उघडा, म्हणजे हवा खेळती राहते. प्रत्येक घराला स्वतःचा संडास आणि झोपायच्या तीन खोल्या: आईवडिलांची, मुलांची, मुलींची. विटा आतून पोकळ, त्यामुळे ओल कमी येते आणि शेजारचा आवाजही. हाच नमुना बाजूला किंवा वर कितीही वाढवता यावा, अशी रचना. आमच्या धंद्यात याला मोठं नाव देतात. रॉबर्ट्सनी ते विटांत केलं होतं.

मग मी अशा घरांबद्दल वाचत सुटलो. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ इस्टेटीचं एडेन्सर गाव सहाव्या ड्यूकने जोसेफ पॅक्स्टनच्या देखरेखीखाली नव्याने वसवलं. तिथे एक घर दुसऱ्यासारखं नाही. ब्रॅडफर्डजवळ गिरणीमालक टायटस सॉल्टने १८५१ पासून सॉल्टेअर वसवलं. २००१ पासून ते जागतिक वारसा आहे. तिथे मुकादमाचं घर मोठं, पुढे छोटी बाग. साध्या कामगाराचं दार थेट रस्त्यावर. लिव्हरपूलजवळचं पोर्ट सनलाइट १८८८ चं, सनलाइट साबणाच्या कारखान्याचं. मालक लिव्हर कामगारांना नफ्याचा वाटा रोख देण्याऐवजी घरांच्या रूपाने द्यावा या मताचे. घरं देखणी आहेत यात वाद नाही. पण नोकरी गेली की घर गेलं, हेही त्यातच आलं. आपल्याला हे समजावून सांगायला नको. माझ्या लहानपणी बाबांना बढती मिळाली तेव्हा आम्ही टाईप बदलला, आणि शेजारही बदलला.

या घरांपैकी पुष्कळशी आज कायद्याने संरक्षित आहेत. इंग्लंडमध्ये १९४७ च्या कायद्यापासून इमारतींच्या याद्या होऊ लागल्या. यादीत नाव असलं की घराचं रूप बदलणारा साधा खिडकीचा बदलही परवानगीशिवाय करता येत नाही. केला तर तो गुन्हा.

आपल्याकडे असं करावं का? मुंबईच्या बीडीडी चाळी पाहा. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या २०७ इमारती, १६० चौरस फुटांची खोली, संडास सामायिक. आता त्या पाडून रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं देणं चाललंय. चाळीची कितीही हळहळ वाटली, तरी त्या खोलीत संसार केलेल्या माणसाला 'हे जपा' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. क्वार्टरचंही तेच. छत सपाट स्लॅबचं, मे महिन्यात रात्रीसुद्धा तापलेलं. तेच जपा, असं मीही म्हणणार नाही.

पण कागदावर तरी उतरवून ठेवावं. केंद्राच्या १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यासाठी वास्तू शंभर वर्षांची लागते. खाण उघडी होती, ती आता जमिनीखाली चाललीय. वसाहत तोवर कशी राहील कोण जाणे.

मोजताना एक गोष्ट ध्यानात आली. मूळ नकाशा दहा मिनिटांत संपतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे जाळीचा व्हरांडा, मागे भिंतीचं अंगण. सगळ्या क्वार्टरांत तोच. दिवे गेले तरी शेजारच्या काकूंकडे मेणबत्तीचा कोनाडा हाताला लागायचा. वेळ लागतो तो नंतर केलेल्या गोष्टींना. पश्चिमेच्या खिडकीचा अर्धा भाग कायमचा कूलरला दिलेला, खाली लोखंडी घोडा. अंगणावर पत्रे टाकून झालेली छपरी. आईचे पापड, कुरडया तिथेच. दारामागे उंचीच्या पेन्सिलखुणा, माझ्या आणि ताईच्या. इंग्लंडच्या यादीत असतं तर यातलं निम्मं बेकायदा ठरलं असतं. मला तर घर म्हणून तेच दिसतं.

म्हणून मी दोन थर काढतोय: एक बांधणाऱ्याचा, काळ्या रेषेत; दुसरा राहणाऱ्यांचा, लाल. तुमचंही कुणी रेल्वेच्या, कारखान्याच्या, खाणीच्या वसाहतीत राहत असेल, तर पुढच्या सुट्टीत मोजपट्टी घेऊन जा. खोलीची लांबी-रुंदी, दार कुठल्या बाजूला उघडतं, भिंतीची जाडी, आणि प्रत्येक बदलाशेजारी तो कुणी, कधी, कशासाठी केला हे. शेवटचं फक्त घरातल्या मोठ्यांनाच माहीत असतं, तेव्हा ते सोबत हवेत. आमच्याकडे छपरीचं साल ठरवायला दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी ताईच्या बारशावरून हिशेब लागला.

सध्या वाद शेवग्याच्या झाडावर अडलाय. बाबांचं म्हणणं, झाड म्हणजे बांधकाम नव्हे, ते नकाशात येत नाही. आई म्हणते, अंगणाची भिंत त्याच्यासाठी पुढे सरकवली होती, मग? मी भिंत मोजली. खरंच सव्वा फूट पुढे आहे. झाड लाल रेषेत आलंय.