तुमचा क्लास भारी आहे, पण बाकीच्यांचं काय?

रविवारची दुपार, टेबलावर फासे, वेफर्सचं पाकीट आणि चार-पाच मित्र. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्यांना हे चित्र नवं नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणलेल्या या गेममध्ये आपण आधी क्लास निवडतो. म्हणजे आपलं पात्र काय काम करणार, ते ठरवतो. २०१४ च्या नियमपुस्तकात असे १२ क्लास होते. पण कधी ना कधी वाटतंच, 'आपणच एक बनवला तर?' या घरच्या मालाला म्हणतात होमब्रू.

मीही बनवला. नाव 'मावळा'. पाचव्या लेव्हलला तीन वार, प्रत्येक वाराला जादा फासा, शिवाय डोंगरात कधीही गायब. भारी ना? तिसऱ्या रविवारी फायटर खेळणारी मैत्रीण फोनमध्ये डोकं घालून बसली होती. निघताना म्हणाली, "पुढच्या वेळी नाही आले तर चालेल ना? तसंही सगळं तुझा मावळाच करतो."

तेव्हा कुठे मी वही काढली. तुम्ही मात्र ती आधीच काढा.

आधी गणित

पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या. मोठ्या तलवारीचे दोन फासे सरासरी ७ देतात, ताकदीचे ४ धरले की ११. समोरच्याचा आर्मर क्लास १५ आणि तुमचा बोनस ७ असेल, तर वीसपैकी १३ वेळा वार लागतो. म्हणजे ६५ टक्के. दोन वारांचं मिळून सरासरी डॅमेज साधारण १४. माझ्या मावळ्याचा एक वार १२ चा आणि असे तीन. उत्तर आलं २३! खुद्द फायटरला तिसरा वार मिळतो अकराव्या लेव्हलला. मैत्रीण कंटाळली यात नवल ते काय?

मग वाटणी

तिसरा वार काढला. आकडा आला साडेपंधरावर. पण लपणं, गुपचूप पुढे जाणं हे तर 'रोग' या क्लासचं काम (आजार नव्हे!). तेही मीच पळवलं होतं. आणि 'फक्त डोंगरात' ही अट तर फसवी. गोष्ट डोंगरात घडली तर तुम्हीच हिरो, शहरात गेली की बसा हात चोळत. २०१४ च्या रेंजरची हीच अडचण होती. ठरावीक प्रदेशातच चालणाऱ्या त्याच्या कौशल्याला २०२० च्या पुस्तकात पर्याय द्यावा लागला.

आणि किंमत

'क्रिटिकल रोल'वाल्या मॅथ्यू मर्सरचा 'ब्लड हंटर' पाहा. हाही होमब्रूच. तो आपली खास ताकद वापरताना स्वतःचेच हिट पॉइंट्स गमावतो. त्यामुळे ती वापरायची की नाही, हा दरवेळी खरा प्रश्न असतो. माझ्या मावळ्याला जादा फासा फुकटात मिळत होता. आता लाँग रेस्ट होईपर्यंत तीनच वेळा. एरवी तो फायटरच्या थोडा मागे, मोक्याच्या क्षणी थोडा पुढे.

शेवटची टेस्ट सगळ्यात महत्त्वाची. आपला क्लास दुसऱ्याच्या हातात द्या. मी तो त्याच मैत्रिणीला दिला आणि तिचा फायटर मी घेतला. दहा मिनिटांत तिने धनुष्य उचललं. "जादा फासा बाणालाही लागतो ना? मग मी जवळ कशाला जाऊ?" माझ्या नियमात 'फक्त हातघाईत' हे दोन शब्द लिहायचेच राहिले होते.

लगेच लिहिले. पुढच्या रविवारी ती आली, स्वतःचा फायटर घेऊन. मावळा सध्या कोपऱ्यात दुसऱ्या लेव्हलवर आहे, पुन्हा पहिल्यापासून तपासणी चालू आहे.