कर्जाचा चेहरा

वऱ्हाडचा आणि अमेरिकेचा संबंध कापसाच्या धाग्याने जोडलेला आहे. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला चढा भाव आला. युद्ध थांबताच भाव उतरला. दूरच्या बाजारावरील अवलंबन मात्र कायम राहिले.

म्हणूनच जॉन फोर्ड यांचा ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९४०) हा चित्रपट अकोला-अमरावतीच्या प्रेक्षकाला परका वाटू नये. जॉन स्टाइनबेक यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात ओक्लाहोमातील कुळांना जमिनीवरून हुसकावले जाते, ट्रॅक्टर घर भुईसपाट करतो. बंदूक घेऊन उभा राहिलेला शेतकरी विचारतो, दोषी कोण? मुकादम कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनीमागे बँक निघते. जाब विचारावा असा माणूसच सापडत नाही.

आपल्याकडे बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्येच ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला होता. व्ही. शांताराम यांनी रंगविलेला त्यातील तरुण शेतकरी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होतो. परंतु त्याच्या शत्रूला निदान चेहरा होता, नाव होते.

विदर्भातील कापूस उत्पादकाची कथा सांगणारा सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ मध्ये आला. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर घरची बाई धास्तावते आणि नवऱ्यावर नजर ठेवण्यास लहानग्या मुलाला त्याच्यामागे धाडते. येथे सावकारापलीकडे बियाणे आहे, पाऊस आहे, बाजार आहे. शत्रू इतका विखुरला की शेतकऱ्याचा हात स्वतःवरच उठतो.

चित्रपट हा समाजाचा आरसा असतो, हे वाक्य आपण वर्गात सहज उच्चारतो. पण आरसाही कोणीतरी धरलेला असतो. कादंबरीचा शेवट दारुण आहे; फोर्ड यांच्या चित्रपटाचा शेवट आईच्या धीराच्या बोलांवर होतो. प्रेक्षकाला दिलासा देऊन घरी पाठविण्याची ही रीत आपल्याही ओळखीची आहे.

तेव्हा आपल्या महाविद्यालयांनी हे चित्रपट एकापाठोपाठ दाखवावेत, आणि नंतर बोलण्याचा पहिला मान प्राध्यापकांना न देता शेतकऱ्याघरच्या विद्यार्थ्याला द्यावा. आरशात काय उमटले आणि काय वगळले गेले, हे त्याच्याइतके अचूक दुसरे कोण सांगणार?