पावसांतील सायकलफेरी

बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानांतील तरुण १९८५ च्या डिसेंबरांत कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघाले. आमच्या अंधेरी-बोरिवलीच्या मुलांस मात्र परोपकाराची हौस श्रावणांत येते! जवळच्याच सांताक्रूझ येथें २६ जुलै २००५ रोजीं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हें विसरूं नये.

भिजलेल्या रिमवर पाण्याचा पातळ थर असतो. ब्रेकचें रबर प्रथम तो पुसतें, मगच चाक धरतें. तोंवर सायकल पुढें जातेच. जथ्यांत एक पडला कीं मागचेहि पडतात. म्हणून नेहमींच्या दुप्पट अंतर ठेवावें व ब्रेक आधींपासून हलकेच दाबावा. साचलेल्या पाण्यांत शिरूं नये. खालीं गटाराचें तोंड उघडें असूं शकतें.

पाऊस वाढल्यास फेरी पुढें ढकलावी. निधि उद्यांहि जमेल. सोबत्याचा मोडलेला हात लौकर जुळत नाहीं.