भीमेचा भोपळा आणि विद्यार्थ्यांचे हात

गाणगापूरची वारी आपल्याकडील जुन्या घराण्यांत अजून चालू आहे. भीमा-अमरजेच्या संगमी स्नान करावे, निर्गुण पादुकांचे दर्शन घ्यावे, दुपारी माधुकरी मागावी, असा तो क्रम. भजनी मंडळींच्या हाती जी एकतारी असते, तिच्याकडे मात्र फारसे कोणी निरखून पाहत नाही. एक भोपळा, एक बांबू, एक तार, एवढाच तिचा संसार. पण वाद्यविद्येचा श्रीगणेशा करण्यास इतके सोपे साधन दुसरे नाही. आणि संगीताच्या वर्गांनी ते विद्यार्थ्यांकडूनच घडवून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कृती अवघड नाही. कडू भोपळा पुरता वाळला की आत बिया खुळखुळतात. एका बाजूने त्याचा काप काढून बिया व वाळका गर खरवडावा. समोरासमोर दोन भोके पाडून बांबूची दांडी आरपार घालावी. उघड्या तोंडावर भिजविलेले बकऱ्याचे कातडे ताणून बसवावे व सावलीत वाळू द्यावे. दांडीच्या वरच्या टोकास खुंटी, कातड्यावर लाकडाची लहानशी घोडी, आणि दांडीच्या खालच्या टोकापासून घोडीवरून खुंटीपर्यंत तार. खरे शिक्षण येथून सुरू होते. खुंटी पिळली की स्वर चढतो, तारेच्या बरोबर मध्यावर बोट दाबले की वरचा षड्ज निघतो, हे मुलास सांगावे लागत नाही. घोडी नीट टेकली नाही तर तार खरखरते, दमट हवेत कातडे सैलावले की आवाज बसतो, हेही त्यास हातानेच कळते. पहिली एकतारी बहुधा बिघडते. बिघडू द्यावी. ती का बिघडली याचा शोध घेताना कान जितका तयार होतो, तितका तो दहा पलट्यांनी होत नाही.

या भोपळ्याचे कुळही थोर आहे. गाणगापुरास येण्यापूर्वी भीमा ज्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या मुलखातून वाहते, तेथलेच भोपळे मिरजेच्या कारागिरांकडे जातात आणि त्यांचे तंबोरे होतात. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरल्यावर एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तारवाद्यांचा उद्योग आरंभिला, आणि तो त्यांच्या वंशजांत आजही चालू आहे. घोडीचा माथा हलक्या हाताने घासून जवारी काढणे हे त्यांतले सर्वांत नाजूक काम. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला. तार जेथे छेडली असता जे उपस्वर नियमाने उमटू नयेत, तेही तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी दाखवून दिले. मिरजेच्या कारागिरास हे सूत्ररूपाने ठाऊक नव्हते, पण बोटांना ठाऊक होते.

विद्यार्थ्याने वाद्यास हत्यार लावावे ही कल्पना आजची नव्हे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर मूळचे कुरुंदवाडचे. दत्तजयंतीच्या दारूकामात लहानपणी त्यांची दृष्टी अधू झाली आणि म्हणून ते मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकू लागले. १९०१ मध्ये लाहोरास आणि १९०८ मध्ये मुंबईस त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. मुंबईच्या शाळेत छापखाना होता, तसा वाद्ये करण्याचा व दुरुस्त करण्याचा कारखानाही होता. कर्जापायी १९२४ च्या सुमारास ती इमारत गेली. त्यांची स्वरलेखन-पद्धती राहिली, परीक्षांची शिस्त त्यांच्या शिष्यांनी देशभर नेली. कारखान्याचा धडा मात्र मागे पडला. आपल्या बडोद्यातही मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ पासूनची, परंतु तंबोऱ्याची तार तुटली तर स्वतः चढविणारे विद्यार्थी आज किती निघतील?

विजेचा तंबोरा, आणि आता तर खिशातला दूरध्वनी, कळ दाबताच षड्ज-पंचम देतो. सोय आहे, तिची निंदा करण्याचे कारण नाही. पण ज्यास स्वर जुळवावा लागत नाही, त्यास तो ढळल्याचेही चटकन कळत नाही. आणि कळणारे कान कमी झाले की चांगली जवारी काढणाऱ्यास गिऱ्हाईक कोठून मिळणार? मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. तथापि मानांकनाने नाव राखले जाते. हात राखायचा तर तो लहानपणीच वळवावा लागतो. शाळकरी मुलाकडून तंबोऱ्याची अपेक्षा कोणी करू नये, ते काम वर्षानुवर्षांचे. एकतारी पुरे.

भोपळा बाजारातून आणण्यापेक्षा परसात लावावा हे उत्तम. वेल पावसाळ्याच्या आरंभी घालावा, आणि फळ हिरवे असताना तोडण्याचा मोह आवरावा. ते वेलीवरच कडक होऊ द्यायचे, मग महिने दोन महिने छपराखाली टांगून ठेवायचे. पुढच्या उन्हाळ्यात ज्या वर्गास एकतारी हाती हवी, त्याने बी यंदाच टाकले पाहिजे.