वजन घटले, तर हृदयाचा ताल सुधारतो?

बदलापूर किंवा उल्हासनगर स्थानकाचा जिना चढताना धाप लागली, की बहुतेक जण दोष वजनाला किंवा वयाला देतात. पण सोबत छातीत धडधड होत असेल आणि नाडी अडखळत लागत असेल, तर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ची शंका घ्यावी. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली, तर पक्षाघात होतो. या रुग्णांत हा धोका सुमारे पाचपट असतो.

लठ्ठपणाचा याच्याशी थेट संबंध आहे. वाढलेल्या वजनामुळे रक्तदाब वाढतो, वरचे कप्पे ताणले जातात आणि हृदयाभोवती चरबी साचते. झोपेत घोरताना श्वास अडकतो, त्याचा ताणही हृदयावर येतो.

मग वजन कमी केल्यास? ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लेगसी’ अभ्यासात आहार-व्यायामाने दहा टक्के किंवा अधिक वजन घटवणाऱ्यांत ताल टिकून राहण्याची शक्यता सहापट आढळली.

ज्यांचे वजन एवढ्याने उतरत नाही, त्यांच्यासाठी बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया आहे. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ती करून घेतल्यावर महाराष्ट्रात तिची बरीच चर्चा झाली. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात. स्वीडनमध्ये सुमारे चार हजार लठ्ठ व्यक्तींचा १९ वर्षांच्या आसपास मागोवा घेतला गेला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हा तालविकार नव्याने होण्याचा धोका २९ टक्क्यांनी कमी होता. मात्र उपचार चिठ्ठी टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे सगळे श्रेय शस्त्रक्रियेला देता येत नाही.

२०२२च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनुसार आशियाई व्यक्तींत बीएमआय २७.५ पासून या पर्यायाचा विचार करता येतो. पण तो सौंदर्याचा उपाय नव्हे. पुढे आयुष्यभर जीवनसत्त्वे घ्यावी लागतात आणि तपासण्या कराव्या लागतात.

सर्वांत मोठी चूक वेगळीच असते. वजन उतरले, धडधड थांबली, म्हणून रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करतो. धडधड जाणवत नसली, तरी ताल बिघडलेला असू शकतो. शस्त्रक्रियेनंतर औषध शोषले जाण्याचे प्रमाणही बदलते, त्यामुळे गोळी आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. नाडी अनियमित वाटल्यास आधी जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढावा. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाल्यास क्षणभरही थांबू नये.